उसनी हजेरी

आमच्याकडं विरजण उसनं मिळे, पेरणीला बैल उसना मिळे, आणि पौषात शाळेला पोरं उसनी मिळत. हे सगळं निजामाच्या राजवटीतलं, पोलीस अॅक्शनच्या पुष्कळ आधीचं. आज शिकल्यासवरल्या माणसांना हे सांगितलं की ती म्हणतात, म्हणजे तुम्ही सरकारला फसवत होता. मला राग येतो. सरकारला पोरं मोजायची होती, आम्ही मोजायला पोरं देत होतो. कुणाची पोरं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आमचं गाव पालमच्या पुढं, काळ्या रानात. शाळा चावडीच्या पडवीत भरायची. एक मास्तर, चार इयत्ता, थोडी मराठी, पुष्कळ उर्दू, आणि पोरं ऋतुमानाप्रमाणं. पावसाळ्यात पडवीत पाय ठेवायला जागा नसे. दिवाळी सरली की धनगरवाड्यातली पोरं मेंढरांमागं लांबच्या रानात निघून जात. ज्वारीला दाणा भरला की शेतकऱ्यांची पोरं गोफणी घेऊन पाखरं राखायला माळ्यावर चढत. गावकुसाबाहेरची दोन पोरं पायरीखाली बसत. मोजताना मात्र त्यांना वर धरत. मुलगी एकच, मी. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. चार लोकांनी "पोरीला कशाला शाळा" म्हटलं, म्हणून दादा हट्टानं मला शाळेत घालून आले. लोक गप्प बसले असते तर मी जन्मभर शेण्या थापत राहिले असते.

तपासणीचे नाजिरसाहेब नेमके पौषात यायचे, म्हणजे शाळा निम्मी रिकामी असताना. पोरं कमी दिसली तर शाळा बंद करायची, असा वरून हुकूम आहे असं मास्तर सांगत. तो हुकूम कुणी पाहिलेला नव्हता, पण भीती बघून थोडीच वाटते. त्यावर आसपासच्या मास्तरांनी आपसात तोड काढली होती. साहेब आज आमच्या गावी, उद्या गंगेकाठच्या गावी. (गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात.) मग गंगेकाठची पोरं आदल्या दिवशी छकड्यात बसून आमच्याकडं यायची, आमची पोरं दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं जायची. जी पोरं मेंढरांमागं गेलेली, त्यांच्या नावावर ही उसनी पोरं "हाजिर जनाब" म्हणायची. साहेब डोकी मोजत, तोंडं ध्यानात ठेवत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन्ही शाळा एकमेकींच्या आधारानं उभ्या होत्या. एक पडली की दुसरी पडणार, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं.

मी आठेक वर्षांची असताना मला पहिल्यांदा उसनी दिली. मुलीला भाव होता. मुलगी शाळेत बसलेली दिसली की साहेबांचा चेहरा खुलायचा, म्हणून तिकडच्या मास्तरांनी मुद्दाम निरोप पाठवला होता, की पोरगी पाठवाच. छकड्यात बसता बसता आमच्या मास्तरांनी मला एक नाव सांगितलं.

"तिथं तुझं नाव हे. नाव आलं की हाजिर जनाब म्हणायचं. दुसरं काय बोलायचं न्हाई."

ते नाव मी इथं लिहिणार नाही. साधंच होतं, त्या काळी दर गावात एखादी असायचीच. मी वाटभर ते घोकत गेले.

गंगेकाठचं गाव उंच दरडीवर होतं. छकडा वेशीतून आत शिरला तेव्हा पारावर म्हातारी माणसं ऊन खात बसली होती. त्यांनी मला पाहिलं आणि बोलणं थांबवलं. एक म्हातारा उठून घरात गेला. कोणत्याही गावात पोरगी दिसली की पहिला प्रश्न येतो, कुणाची गं तू? तिथं मला कुणीच विचारलं नाही. दारादारांत बायका उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून, आणि मी जवळून गेले की वाटेतून बाजूला होत होत्या. मी त्यांच्याकडं बघून हसले. मला वाटलं, मी शिकलेली पोरगी म्हणून हा मान आहे. लहानपणी माणूस किती मूर्ख असतं.

शाळा देवळामागच्या एका खोलीत होती. मागच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीवर झरोका होता. पोरं आधीच ओळीनं बसलेली. मी दाराजवळ बसायला लागले तर एक पोरगा म्हणाला, "तिथं न्हाई. तुझी जागा तिकडं हाय."

झरोक्याखाली एक तरटाचा तुकडा अंथरलेला होता. दाटीवाटीनं बसलेल्या त्या खोलीत तेवढी जागा मोकळी होती. दोन्ही बाजूंची पोरं त्या तरटापासून अंग चोरून बसली होती. मी जाऊन बसले. तरट मऊ झालेलं होतं, कुणीतरी बरेच दिवस त्यावर बसून मऊ केलेलं.

साहेब आले. उंच, पांढरी दाढी, डोक्यावर लाल तुर्की टोपी. हजेरी सुरू झाली. माझं, म्हणजे ते नाव आलं आणि मी खणखणीत आवाजात म्हणाले, "हाजिर जनाब." तेवढ्यात माझ्या पाठीमागं, भिंतीच्या पलीकडं, बांगड्या वाजल्या. झरोक्यातून कुणाचा तरी श्वास ऐकू आला, पळत आलेल्या माणसाचा असतो तसा. मी मान वळवली. शेजारच्या पोरानं माझा परकर ओढला आणि डोळ्यांनीच सांगितलं, बघू नको.

साहेबांनी पाट्यांवर गणितं घातली. माझ्यापाशी येऊन ते थांबले.

"बच्ची, पिछले साल तू बाएँ हाथ से लिखती थी न?"

माझ्या उजव्या हातात पेन्सिल होती. मग तिकडचे मास्तर हात जोडून पुढं आले.

"सुधर गई, जनाब. मेहनत ली."

साहेबांनी मान डोलावली. शाळेत डावरी पोरगी उजव्या हातानं लिहायला शिकली, हे त्यांना फार आवडलं. त्यांनी मास्तरांना शाबासकी दिली, मला एक पेढा दिला. अशी ती शाळेची प्रगती.

साहेब गेल्यावर पोरं भराभर उठून पळाली. उसन्या पोरांना पाटलाच्या ओसरीवर जेवण होतं. मी तिकडं निघाले तर दारात एक बाई उभी. तरुणच होती, माझ्या मायपेक्षा लहान असेल. अंगावर चांगलं इरकल लुगडं, हातात टोपली. तिनं माझा हात धरला आणि मला खोलीत परत नेऊन त्याच तरटावर बसवलं. टोपलीतून ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वाटीभर दूध काढलं. भाकरी दुधात कुस्करून माझ्या पुढं ठेवली. मग माझ्या मागं बसून वेणी सोडली आणि केस विंचरायला लागली.

विंचरता विंचरता तिनं मला त्या नावानं हाक मारली. मोठ्यानं नाही. ताटात घास राहिला की आया हाक मारतात तशी.

मी म्हणाले, "माजं नाव ते न्हाई."

दारात दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. फणी थांबली नाही.

"आज हाय," ती म्हणाली.

मी बोलकी म्हणून गावात बदनाम होते, पण त्या दिवशी निमूटपणे जेवले. दूध गोड होतं. वेणी तिनं इतकी नीट घातली की घरी येईतो एक केस हलला नाही. छकडा निघाला तेव्हा ती दरडीच्या टोकापर्यंत बरोबर चालत आली आणि म्हणाली, "उशीर करू नको." कशाला, कधी, काही नाही. मी मान हलवली.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं आणि ते नावही सांगितलं. मायनं हातातलं पीठ तसंच टाकलं. तिची एक बहीण त्या बाजूला दिलेली होती, तिला ती हकीकत माहीत होती. मागल्या पावसाळ्यात गंगेकाठी पटकीची साथ आली होती. त्या शाळेतली एकुलती मुलगी सकाळी आजारी पडली आणि दिवस मावळायच्या आत गेली. मास्तरांनी नाव तसंच ठेवलं. नवं नाव घालायचं तर बापाचा अंगठा, पाटलाची साक्ष, तालुक्याला खेटे. जुनं नाव फुकट होतं.

मायनं मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली आणि पदर खोचून थेट चावडीवर गेली.

"मेल्या पोरीचं नाव माज्या जित्या पोरीला लावतांव? तुमाला लेकरं न्हाईत का मास्तर?"

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "वैनी, त्यांची शाळा ऱ्हायली तर आपली ऱ्हाती. आपली गेली तर ही पोरगी घरी बसंल."

दादा मध्ये पडले नाहीत. हट्टी माणूस, पण मायपुढं त्यांचा हट्ट चालत नसे. मला शाळा हवी होती. मला पाढे येत होते, बाकीच्या पोरांना येत नव्हते, आणि ही गोष्ट मला जगात सर्वांत मोलाची वाटत होती. मी मायला सांगितलं, नुसतं एक दिवस तर बसायचंय. नावानं काय होतंय?

दुसऱ्या वर्षी मायनं मला पाठवलं, पण दंडात काळा दोरा बांधून आणि तळपायाला काजळ लावून.

त्या वर्षी ती बाई सकाळीच वेशीपाशी उभी होती. तिनं मला आधी तिच्या घरी नेलं. भिंतीशी एक खुंटी होती, खुंटीवर दप्तर. तिनं पेटीतून एक हिरवा परकर काढला आणि म्हणाली, साहेबापुढं चांगलं दिसाय पायजे, घाल. मी घातला. परकराच्या खालच्या काठाला शिवण उसवून दोन बोटं कापड खाली सोडलेलं होतं. जुन्या दुमडीची रेघ स्पष्ट दिसत होती, तिच्याखालचा रंग अजून ताजा. वाढत्या पोरीचा परकर आया असाच वाढवतात. तो मला बरोबर घोट्याशी आला.

"बगा," शेजारीण दारातून म्हणाली, "केवडी उंच झाली की."

ती थट्टा करत नव्हती. मला त्या क्षणी लय भीती वाटली. भूतबाधेची नव्हे; भूत असतं तर मी मारुतीचं नाव घेतलं असतं. माझ्यापुढं हसून बोलणाऱ्या, मला शेंगदाणे देणाऱ्या चांगल्या बायका होत्या, आणि त्या गावात माझं नाव ठाऊक असलेलं एकही माणूस नव्हतं.

हजेरी झाली. मी "हाजिर जनाब" म्हणाले. झरोक्यामागं बांगड्या वाजल्या. जेवताना ती बाई हळूच म्हणाली, "मास्तरनं तुजा हात बदलला म्हनं. उजव्या हातानं कामून लिहायलीस? डाव्यानंच लिही. भिऊ नको. मी सांगते मास्तरला."

मी हो म्हणाले. काय म्हणणार?

घरी आल्यावर एकदा मायनं मला हाक मारली, ती मला ऐकूच आली नाही. मी उंबऱ्यापाशी पाटी घेऊन बसले होते. माय आली, माझ्या हाताकडं पाहिलं आणि तिथंच बसली. मी डाव्या हातानं लिहीत होते. गंमत म्हणून सुरू केलं असेन, हट्ट म्हणून केलं असेन, मला आठवत नाही. इतकंच आठवतं की अक्षर चांगलं येत होतं. नव्यानं शिकणाऱ्याचं वेडंवाकडं अक्षर नव्हतं ते. मी पाटी पुसली तर माय म्हणाली, पुन्हा लिही. मी पुन्हा लिहिलं. माय उठून देवघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तिसऱ्या वर्षी ती पाठवणारच नव्हती. गंगेकाठचे मास्तर स्वतः आमच्या घरी आले, ओसरीवर टोपी काढून बसले. साहेबांनी या खेपेला मुलींचं विशेष लिहून विचारलं होतं, ते म्हणाले. मायनं त्यांना चहा दिला नाही. शेवटी तिनं एक अट घातली. पोरगी येईल, बसेल, पाटीवर गणित करील. त्या नावाला ओ देणार नाही. साहेबांनी विचारलं तर पोरीचा घसा बसलाय म्हणा.

"कबूल," मास्तर म्हणाले.

मलाही ते हवं होतं. मी आता मोठी झाले होते. दुसऱ्या कुणाच्या तरटावर बसून दुसऱ्या कुणाचं आयुष्य वाढवत नेणं मला नकोसं वाटत होतं. पण वाटेत छकड्यात मला त्या बाईचा चेहरा दिसत होता. वर्षातून एकदा तिच्या लेकीचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेत होतं आणि त्याला उत्तर येत होतं. बाकीचे सगळे दिवस त्या नावाला उत्तर नव्हतं. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण दोन वर्षं ज्या पोरीच्या पाठीशी बांगड्या वाजतात तिला तेवढं कळतं.

ती वेशीपाशी होती. तिच्या घरी हिरवा परकर आणखी दोन बोटं खाली सोडलेला होता. मी घातला नाही. माझ्याच परकरात बसेन म्हणाले. तिनं हिरव्या परकराची घडी घातली आणि पेटीत ठेवली. मी शाळेत गेले.

साहेब आले, थकलेले दिसत होते. हजेरी सुरू झाली. माझ्या आधीची नावं संपली. ते नाव आलं.

मी दात आवळून बसले. मास्तरांनी पुन्हा नाव घेतलं. घसा बसल्याचं सांगायचं होतं, ते त्यांना आठवेना. साहेबांनी मान वर केली. पोरांची नजर माझ्यावर. बाहेर कुठंतरी पाणी शेंदत होते, रहाटाचा आवाज येत होता, तोही थांबला. भिंतीमागं यावेळी बांगड्या वाजल्या नाहीत.

मग झरोक्यातून आवाज आला.

"हाजिर जनाब."

बारीक, स्वच्छ, शाळेतल्या पोरीनं द्यावं तसं उत्तर. मोठ्या बाईचा आवाज नव्हता तो. मी त्या बाईचं बोलणं दोन वर्षं ऐकलं होतं, तिचा आवाज जाड होता, जात्यावर बसणाऱ्या बाईचा. हे उत्तर माझ्या डोक्याच्या अगदी मागून आलं आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आजही हे लिहिताना राहतो.

साहेबांनी झरोक्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. माझं तोंड मिटलेलं होतं, हे त्यांना दिसत होतं. मास्तर घामानं निथळत होते.

"हाँ," साहेब हळूच म्हणाले. "सुन लिया. आगे चलो."

पुढची नावं झाली. गणितं झाली. या खेपेला साहेबांनी कुणालाच शाबासकी दिली नाही; माझ्यापाशी आले तेव्हा पाटी न बघताच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढं गेले. शाळा राहिली. आमचीही राहिली. मी आमच्या गावात चौथीपर्यंत शिकले आणि पुढं परभणीला गेले, ते त्याच दिवसाच्या जिवावर.

परत निघताना मी छकड्यात सगळ्यांत आधी जाऊन बसले. ती बाई येऊ नये असं वाटत होतं. ती आली. तिच्या हातात टोपली नव्हती. छकड्याच्या चाकाबरोबर ती दरडीच्या टोकापर्यंत चालत आली, पहिल्या वर्षासारखीच, आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका शांत होता.

"पुढल्या साली तू न्हाई आलीस तरी चालंल," ती तिच्या नेहमीच्या जाड आवाजात म्हणाली. "मला आता येतंय तिच्यावानी म्हणाया."